पन्नाशीत घरबसल्या परकी भाषा : कुणाला खरंच बोलायला आली का?

दुसरे_गेट | ९ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. वय ५१, मुक्काम बेळगाव, टिळकवाडी, नोकरी खाजगी. माझ्या नावावरून कळलंच असेल की आयुष्याचा बराच भाग रेल्वे फाटक उघडायची वाट बघण्यात गेलाय. फेब्रुवारीत असाच अडकलो होतो, तेव्हा मोबाईलवर जपानी शिकवणारं एक ॲप उतरवून घेतलं. जपानीच का, याला उत्तर नाही. तिकडं जायचं नाही, पोरगी तिकडं नाही, कंपनीचा संबंध नाही. अक्षरं बघायला बरी वाटली, एवढंच.

आज चार महिने झाले. हिरागाना ४६, काताकाना ४६, दोन्ही पाठ. ॲप म्हणतंय सलग १२१ दिवस झाले, शाब्बास. परवा बायकोनं विचारलं, "चहा गार झालाय, हे जपानीत सांगा बघू." मला 'सफरचंद लाल आहे' येतं. 'ती डॉक्टर आहे' येतं. चहा गार करता येईना. बायको म्हणाली, १२१ दिवसांत पोरसुद्धा हुंकार द्यायला लागतं.

तर प्रश्न असा: क्लास न लावता, घरात बसून, या वयात परकी भाषा बोलण्यापर्यंत कुणी पोचलंय का? पोचला असाल तर काय केलंत? आणि नसेल होत तर तसंही सांगा, मी आपला सुडोकूकडं वळतो.

निपाणीचा_अण्णा | ९ जून, रात्री १०.३४

लाईट बिल कन्नडात येतंय ते वाचायला शेजारच्या पोराला हाक मारायलोय मी आणि तुम्ही जपानी शिकायलाय. वा!

तानाजी_गल्ली | ९ जून, रात्री १०.४१

अण्णा +१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लेथवाला | ९ जून, रात्री ११.१५

गेटसाहेब, मी जर्मन शिकायलोय, तीन वर्षं झाली. उद्यमबागेत वर्कशॉप हाय आमचं. त्यात वडलांच्या वेळचं एक जुनं जर्मन ग्राइंडिंग मशीन. बटणांवर वडलांनी ऑइलपेंटनं 'चालू', 'बंद' लिहिलेलं. लॉकडाऊनमध्ये काम नव्हतं म्हणून मशीन घासून काढलं तर पेंटखाली कोरलेली अक्षरं निघाली, 'आइन' आणि 'आउस'. तिथनं सुरू.

पयला महिना डोकं फिरलं. मग एक वाक्य सापडलं: 'इश शाल्टे दी माशीने आइन'. मी मशीन चालू करतो. त्यात ते बटणावरचं 'आइन' वाक्याच्या पार शेवटाला जाऊन बसलंय. त्याच्या जागी 'आउस' ठेवलं की बंद करतो. म्हणजे शेवटचा शब्द पडेपर्यंत मशीन चालू झालं की बंद, पत्ता लागत नाही. आमच्या मामाचं बोलणं असंच, "लग्नाला मी नक्की येणार होतो" म्हणतोय, आपण खूश, मग "पण".

लोक डेअर-डी-डास म्हटलं की पळतात. अहो, ते तो-ती-ते हाय! जेवायच्या टेबलावर चमचा डेअर, काटा डी, सुरी डास. आपल्यात तो चमचा, ती सुरी, ते ताट. कुठलं कशाला लागतंय ते मात्र घोकावं लागतंय, त्याला इलाज नाही. आकड्यांत तर आपली चंगळ. २५ ला ते 'पाच आणि वीस' म्हणतात. आपण पंचवीस म्हणतो, म्हणजे पाच आधीच. इंग्लिश मीडियमचा पुतण्या तिथं अडकला, मी नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. ॲप मी सहा महिन्यांत सोडलं. जर्मन रेडिओ, डॉयचे वेले, त्यांच्या साइटवर सावकाश वाचलेल्या बातम्या फुकट असतात आणि नवशिक्यांसाठी व्हिडिओ कोर्सबी फुकट हाय. रोज एक बातमी, तीच तीच, चार दिवस. आणि काम करताना तोंडानं बोलायचं: जॉब लावला, टूल बदललं, चिप्स काढल्या. चुकलं तर चुकलं, मशीन काय हसत नाही. कामावरची पोरं हसतात. सकाळी "गुटन मॉर्गन शेठ" म्हणत आत येतात, पगाराच्या दिवशी जरा जोरात.

शहापूरची_सून | १० जून, सकाळी ६.५०

माझी परकी भाषा कन्नड. हसू नका. मी साताऱ्याची, लग्न होऊन २००३ ला इथे आले तेव्हा 'एष्टु' (किती) आणि 'ब्याडा' (नको) या दोन शब्दांवर भाजी आणत होते. क्लास नाही, ॲप नाही, पुस्तक नाही. शेजारी धारवाडच्या वहिनी. त्यांच्याशी दुपारी अर्धा तास कट्ट्यावर बसायचं, हाच क्लास.

एकदा त्यांनी विचारलं, आज जेवायला काय? मी चिंच घालून आंबट वरण केलं होतं. त्याला 'हुळी' म्हणतात हे नुकतंच शिकलेले. ऐटीत म्हणाले, "इवत्त नम्म मन्याग हुली माडेनि." वहिनींनी शांतपणे विचारलं, "याव काडिंद तंद्री?" म्हणजे कुठल्या जंगलातून आणलात. हुली म्हणजे वाघ! आपल्या भाषेत ळ असून मी ळ घालवला. आजही आंबट वरण केलं की आमचे हे विचारतात, वाघ मेला का.

गेटभाऊ, तुम्हाला 'चहा गार झालाय' आलं नाही, कारण १२१ दिवसांत तुमच्याशी कुणी चहाबद्दल बोललंच नाही.

कपिलेश्वर_पूल | १० जून, सकाळी ९.०५

धागा परक्या भाषेचा आहे. कन्नड परकी कशी? आणि तिचा विषय इथं काढायची गरज काय? छंद म्हणजे आपल्या मर्जीनं. फलकापासून दाखल्यापर्यंत जे डोक्यावर बसतं त्याला छंद म्हणत नाहीत. माझ्या आजोबांचा सातबारा त्यांना कधी वाचता आला नाही.

शहापूरची_सून | १० जून, सकाळी ९.३०

दाखल्याचं दुखणं मलाही आहे हो. पण धारवाडच्या वहिनी म्हणजे सरकार नव्हे.

तानाजी_गल्ली | १० जून, सकाळी ९.३३

पॉपकॉर्न संपले, कुंदा आणतो.

संपादक | १० जून, सकाळी १०.००

१९५६ पासूनच्या सीमाप्रश्नाच्या गोष्टीसाठी वेगळा धागा आहे, ७०० प्रतिसाद झालेत, तिकडे जा. इथे भाषा कशी शिकायची एवढंच. दोन प्रतिसाद उडवलेत.

खानापूरचे_मास्तर | १० जून, दुपारी ३.४०

निवृत्त शिक्षक. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

श्री. गेट, तुम्ही हिरागाना पाठ केलात, पण तो क्रम निरखून पाहिलात का? अ इ उ ए ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. कंठापासून ओठांकडे जायचं, मग य-र-व. हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतच्या वर्णमालेतून तिकडे गेला. त्यांचा 'स' आपल्या 'च'च्या जागी बसलाय आणि 'ह' आहे 'प'च्या जागी, कारण तो पूर्वी 'प'सारखा उच्चारला जाई. आपण इंग्रजीच्या खिडकीतून जपानी बघतो म्हणून हे दिसत नाही. मी विद्यार्थ्यांना सांगत असे, की परीक्षेत आधी येतो तो प्रश्न सोडवा. तसं परक्या भाषेतलं आपलं काय आहे ते आधी वेचून घ्यावं.

वयाबद्दल. पु. ल. देशपांडे आपल्या बेळगावात आर. पी. डी. कॉलेजात शिकवून गेले, हे इथल्यांना सांगायला नको. तेच पु. ल. पन्नाशीच्या आसपास बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले. रवींद्रनाथ मुळातून वाचायचे, एवढ्यासाठी. आणि द. रा. बेंद्रे घरात मराठी बोलणारे, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेला. (श्री. कपिलेश्वर, हे टोमणा म्हणून लिहीत नाही.)

सलग १२१ दिवसांना आमच्या शाळेत हजेरी म्हणत. हजेरीला बक्षीस असे, पण त्यावर कुणी वरच्या वर्गात चढवत नसे.

गोकाक_करदंट | १० जून, संध्याकाळी ७.१०

सगळं खरं, पण स्मरणाचं काय? सकाळी चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही. मी ५८. फ्रेंचचे वीस शब्द सोमवारी पाठ, गुरुवारी चार उरतात.

चिकोडी_ते_पुणे | १० जून, रात्री ९.२५

काका, ते सगळ्यांचंच होतं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये हे लिहून ठेवलंय, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर गळतं आणि नंतर गळती मंदावते. विसरायच्या बेतात असताना परत आठवायचं: उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. मोबाईलवर 'अंकी' नावाचं ॲप हे हिशेब ठेवतं. नाव जपानीच आहे, अंकी म्हणजे पाठांतर. माझ्या आईनं मात्र ॲप न घेता केलं. तिला इंग्रजी शब्द शिकायचे होते. चिठ्ठ्या करून चार डब्यांत ठेवल्या: चहाचा डबा रोज उघडतो, पिठाचा दिवसाआड, रव्याचा आठवड्याला, साबुदाण्याचा एकादशीला. आठवला शब्द तर पुढच्या डब्यात, विसरला तर परत चहात.

आता जपानीबद्दल. मी नोकरी सांभाळून घरी शिकले, पुण्याला जाऊन जपानीची एन-५ परीक्षा दिली. पाच पातळ्यांतली ती सगळ्यात खालची, १८० पैकी ८० ला पास, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पास झाले. आणि तरीही एका जपानी पाहुण्यासमोर माझी दातखीळ बसली. कारण त्या परीक्षेत बोलायचा भागच नाही, अगदी एन-१ पर्यंत नाही. तेव्हा प्रमाणपत्र मिळालं म्हणजे बोलता आलं असं समजू नका.

मला खरं वळण लागलं ते इंग्रजी सोडल्यावर. ॲप इंग्रजीतून शिकवतं, मग कर्म इथं, क्रियापद तिथं, असली उलटापालट करत बसावं लागतं. मराठीत काही उलटायला लागत नाही. 'नो' म्हणजे चा-ची-चे. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. पुने कारा चिकोडी मादे. पुण्यापासून चिकोडीपर्यंत. शब्दाखाली शब्द ठेवा, जागा बदलत नाही.

पुढची गंमत फक्त आपल्या भागातल्यांसाठी. पुण्याच्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्यांना एवढं भिडलं नाही. आपण म्हणतो, "तो येतो म्हणून म्हणाला." पुण्यात हे 'म्हणून' ऐकून हसतात. कन्नडात 'बर्तेनि अंत अंदा'. जपानीत 'कुरु तो इत्ता'. येतो, म्हणून, म्हणाला. तिन्हीकडे तीच उतरंड! आणि 'खाऊन बघ'. इंग्रजीत बघण्याचा काय संबंध? कन्नडात 'तिंद नोड', खाऊन बघ. जपानीत 'ताबेते मिते'. ताबेते खाऊन, मिते बघ. हे कळलं त्या रात्री मी झोपले नाही. करून बघ, विचारून बघ, घालून बघ, सगळं एका रात्रीत आलं.

लेथवाला | १० जून, रात्री ९.५०

ताई, साबुदाण्याचा डबा एक नंबर.

कपिलेश्वर_पूल | १० जून, रात्री १०.१५

'म्हणून म्हणाला'वर पुण्याच्या हॉस्टेलात मला चार वर्षं चिडवलं. आता सांगतो त्यांना, जपानी व्याकरण आहे म्हणून. चिकोडी, धन्यवाद. (मास्तर, टोमणा पोचला.)

चोर्ला_घाट | ११ जून, सकाळी ८.००

आमचं अर्धं घर गोव्यात. आजोबांचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये, ते वाचायला म्हणून मी पोर्तुगीज घेतली. कागद अजून वाचून झाले नाहीत पण स्वयंपाकघर वाचून झालं. पाव, बटाटा, काजू, अननस, पपई तिकडचे. पगार तिकडचा, चावी, घमेलं, लिलावसुद्धा. आपण शिकायच्या आधीच शंभरेक शब्द फुकट मिळालेले.

लेथवालेसाहेब, जर्मनमध्ये मुलीला 'डास' लावतात म्हणून लोक हसतात ना? आमच्या कोकणीत लहान मुलीला 'तें'च म्हणतात. मला काही नवल वाटलं नाही.

चिकोडी_ते_पुणे | ११ जून, सकाळी ८.२०

पाव जपानलाही गेला. तिकडे ब्रेडला 'पान' म्हणतात, पोर्तुगिजांकडूनच घेतलाय. आणि निपाणी तंबाखूची, म्हणून अण्णांसाठी खास: तंबाखूला 'ताबाको'.

निपाणीचा_अण्णा | ११ जून, सकाळी ८.२२

आता कसं बोललात! घराणं एकच निघालं. शिकतो.

तानाजी_गल्ली | ११ जून, सकाळी ८.४०

अण्णा, एकाच शब्दावर जपान फिरून याल.

*(इथून पुढचे २३ प्रतिसाद पाव बेकरीचा चांगला की घरचा यावर आहेत, ते खाद्ययात्रा विभागात हलवले आहेत. – संपादक)*

वाचनमात्र | १४ जून, रात्री ११.५५

चार वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते. सगळे बोलण्यावर आलात, म्हणून लिहावंसं वाटलं. सासूबाई अंथरुणावर आहेत. रात्री त्यांना झोप लागेपर्यंत खोलीत दिवा मंद ठेवून बसावं लागतं. मी त्या वेळात स्पॅनिश वाचते. लहान मुलांच्या गोष्टी. एका पानाला तीन दिवस लागतात. मला कुणाशी बोलायचं नाही, कुठे जायचं नाही, आणि येतं का असं कुणी विचारलं तर नाही म्हणेन. एखादी ओळ शब्दकोश न उघडता कळली की बरं वाटतं. बोलायलाच हवं का?

खानापूरचे_मास्तर | १५ जून, सकाळी ६.१५

मुळीच नको. ताई, हजेरीबद्दलचं माझं वरचं वाक्य तुम्हाला लागू नाही.

लेथवाला | १५ जून, सकाळी ७.३०

मी जरा वेगळं म्हणतो मास्तर. ताईंचं ठीक, त्यांना वाचायचंय, त्या वाचायल्यात. गेटसाहेबांना बोलायचंय आणि ते फळांचे रंग टिपायलेत. जे पायजे तेच करावं की.

गोकाक_करदंट | १५ जून, सकाळी ११.००

चार डबे केले. घरच्यांनी पिठाच्या डब्यातली चिठ्ठी चुकून मळली. शब्द 'पेन', फ्रेंचमध्ये दुःख.

दुसरे_गेट | २ नोव्हेंबर, रात्री ९.४५

धागा वर आणतोय, माफी. पाच महिने इथं काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं.

सलग दिवसांची ती साखळी जुलैत मुद्दाम तोडली. दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं, ॲपनं रडके निरोप पाठवले, मग पाठवायचं थांबलं. चिकोडीताईंनी सांगितल्याप्रमाणे वहीत वर मराठी, मध्ये कन्नड, खाली जपानी असं लिहायला लागलो. पंधरा-वीस वाक्यांतच गोची झाली. कन्नड मी फाडफाड बोलतो पण शाळेत पासापुरतं लिहिलं होतं, त्याला झाली पस्तीस वर्षं. मधली ओळ देवनागरीत लिहायचो. मग मास्तरांचं आठवलं. ९२ परकी अक्षरं पाठ केलेला माणूस मी, आणि कन्नडात क-ख-ग-घ तर तोच क्रम, बहुतेकांच्या डोक्यावर ती तलकट्टूची टोपी तेवढी. नऊ दिवस लागले, फाटकातच. पुढच्या टेंपोच्या पाठीवर लिहिलेलं एकेक अक्षर लावत गेलो: ता… यि… य… आशीर्वाद. तायिय आशीर्वाद. आईचा आशीर्वाद! एवढ्यात फाटक उघडलं, टेंपो गेला आणि मागच्यांनी हॉर्नवर माझी आई काढली.

जपानीचं विचाराल तर रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं मोठ्यानं बोलतो, दिवसभर काय झालं ते. ऑफिसला गेलो, पाऊस होता, साहेब रागावले. जे अडतं ते दुसऱ्या दिवशी शोधतो. सुरुवातीला चार वाक्यांत दिवस संपायचा. आता दहा मिनिटं पुरतात, कधी साहेब जास्त रागावले तर पुरत नाहीत. समोरच्यानं भरभर बोललेलं अजून कळत नाही. तिथं पहिल्या पायरीवरच आहे.

आणि गेल्या रविवारी बायकोनं पुन्हा चहा आणून ठेवला. मी पेपर वाचत बसलो, मुद्दाम. मग म्हणालो, "ओचा गा सामेते शिमात्ता." चहा गार होऊन गेला. ते 'होऊन गेला'सुद्धा जसंच्या तसं आलं.

बायको म्हणाली, "मला 'गा' म्हणून हाक मारायला मी काय तुमचा तालमीतला दोस्त आहे?"

शहापूरची_सून | २ नोव्हेंबर, रात्री १०.०२

देवा! वाघाला जोडीदार मिळाला.

चिकोडी_ते_पुणे | २ नोव्हेंबर, रात्री १०.१०

'सामेते शिमात्ता'! काका, आता त्यांना सांगा, तिकडचा 'गा' हा कर्त्याचा प्रत्यय आहे, हाक नव्हे.

दुसरे_गेट | २ नोव्हेंबर, रात्री १०.१४

सांगितलं. म्हणाली, कर्ता तुम्ही व्हा आणि चहा गरम करून आणा.

निपाणीचा_अण्णा | २ नोव्हेंबर, रात्री १०.२०

ते सगळं बरं झालं. कन्नड वाचता येतंय म्हणालाय न्हवं? शेजारचं पोरगं शिकायला हुबळीला गेलंय. बिलाचा फोटो मेसेजमध्ये टाकलाय, जरा बघून सांगा.